भाऊसाहेबांचा तळमजला

भाऊसाहेब रेवाळ्यांचा तळमजला वर्षभर रिकामा पडला होता आणि इकडे अर्धं शहर जागा शोधत वणवण फिरत होतं. शहर धड मोठं नाही, धड लहान नाही. भाडी मात्र मुंबईला मागे टाकायला निघालेली. तळमजला भाड्याने द्यायचा नव्हता असं नाही. फक्त भाऊसाहेबांची अट पुरी करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

अट ऐकायला साधी होती. भाडेकरूने आपल्या जुन्या घरमालकाला घेऊन यायचं आणि त्याने भाऊसाहेबांसमोर भाडेकरूबद्दल बोलायचं. एका मास्तरांच्या घरमालकाने त्यांची तोंड भरून स्तुती केली. भाऊसाहेब झोपाळ्यावरूनच म्हणाले, "एवढा गुणाचा आहे, तर सोडताय कशाला? ब्याद माझ्या गळ्यात बांधताय होय!" मास्तर गेले. मग बँकेतल्या एका साहेबांच्या घरमालकाने तक्रारींचा पाढा वाचला. भाऊसाहेबांनी हात जोडले आणि साहेबांनाही वाटेला लावलं. या खेळाची त्यांना इतकी गोडी लागली होती की वर्षभराच्या भाड्यावर पाणी सोडल्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

वैजयंता घोडके एसटीत कंडक्टर होती. तिच्या घरमालकाने, म्हणजे हिंगेकाकांनी, नुकतंच भाडं वाढवलं होतं आणि वर ऐकवलं होतं की परवडत नसेल तर दुसरीकडे बघा. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गुडघे धरल्यापासून तिची आई खाली उतरलीच नव्हती. खिडकीतून रस्ता बघायची, तेवढंच. भाऊसाहेबांचा तळमजला डेपोच्या मागेच होता आणि दारापुढे ऐसपैस ओटा होता. त्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेली आई वैजयंताला डोळ्यांसमोर दिसली आणि तिचा जीव त्या जागेत अडकला.

भाऊसाहेबांनी भाडं सांगितलं ते तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. चेहऱ्यावर मात्र तिने काही दिसू दिलं नाही. सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणाऱ्या बाईला एवढं जमतंच.

"म्हणजे मालक चांगलं बोलला तरी जागा नाही, वाईट बोलला तरी नाही?" तिने विचारलं.

"आत्ता कळलं तुम्हाला," भाऊसाहेब खुशीत म्हणाले.

"मग तिसरं काहीतरी बोलायला हवं. रविवारी घेऊन येते काकांना. तुम्हाला पटलं, तर त्या दिवशी तुमच्या तोंडून निघेल तेवढंच भाडं."

असा घरमालक कुठे असतो, ते बघायलाच भाऊसाहेबांनी हो म्हटलं.

आता त्या शहरात नळाला रोज पाणी येत नसे. तीन-चार दिवसांआड, तेही भल्या पहाटे, सगळे गाढ झोपेत असताना यायचं. वैजयंताला पहिली गाडी असल्यामुळे ती उठलेली असायची. हिंगेकाकांची मोटार चालू करायची, वरची टाकी भरायची आणि मग डेपो गाठायचा, हे ती इतकी वर्षं न सांगता करत आली होती. काकांची ठाम समजूत अशी की टाकी आपली आपणच भरते.

त्या आठवड्यात पाणी आलं, तेव्हा वैजयंताने खालच्या नळावर आपल्यापुरत्या चार कळशा भरल्या आणि मोटारीकडे न बघता कामावर गेली. पुढच्या खेपेलाही तसंच. काकांची टाकी ठणठणीत कोरडी पडली. काकू भांड्यांचा ढीग दाखवून जे बोलल्या, ते इथे सांगण्यासारखं नाही. इतकी वर्षं टाकी कोण भरत होतं, ते आत्ता उमजून काका धावत वर आले, तर वैजयंता शांतपणे म्हणाली की ती जागा सोडते आहे. काही बोलायचं असेल, तर रविवारी भाऊसाहेबांकडे या.

रविवारी काका आले ते दाढीचे खुंट वाढलेले, कालचाच सदरा घातलेले.

"बोला," भाऊसाहेब झोका घेत म्हणाले. "कशी आहे बाई?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "वैजू, परत चल. वाढवलेलं भाडं मी सोडलं."

झोपाळा थांबला. घरमालक भाडं सोडतो, हे भाऊसाहेबांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा काकांनी रडवेल्या तोंडाने पाण्याची सगळी हकिकत सांगितली. भाऊसाहेबांचे कान टवकारले. वर्षभर तळमजल्यावर कुणी नसल्यामुळे तेही पहाटेच्या पाण्याला मुकत होते आणि टँकरवाल्याच्या पाया पडत होते.

"उन्हाळ्यात भाडं उतरतं, काका. पाऊस पडला की पुन्हा चढेल," वैजयंता म्हणाली. "आणि आईला तुमचा जिना काही उतरवत नाही."

"मग दोन वर्षांपूर्वीचं भाडं दे!"

"त्या तिसऱ्या मजल्याच्या खुराड्याला?" भाऊसाहेबांना राहवेना. "तेवढ्याच भाड्यात मी तळमजला देतो!"

"विजेचं बिल मी भरीन!"

"डिपॉझिट नको मला!"

"खोलीला रंग लावून देतो!"

"तीन वर्षं एक पैसा वाढवणार नाही!" भाऊसाहेब झोपाळ्यावरून उतरून उभेच राहिले. काकांकडे देण्यासारखं काही उरलं नाही. ते घाम पुसत खाली बसले.

मग भाऊसाहेबांना आपण काय बोलून बसलो, याचं भान आलं. ते डोळे बारीक करून म्हणाले, "थांबा. अट राहिलीच. हे तुमच्याबद्दल चांगलं बोलले की वाईट?"

"दोन्ही नाही. भाडं उतरवलं," वैजयंता म्हणाली. "भाऊसाहेब, घरमालक स्तुती खोटी करतो आणि तक्रारही खोटी करतो. भाडं उतरवताना मात्र तो कधी खोटं बोलत नाही. मघापासून तुम्हीसुद्धा खरंच बोलताय!"

भाऊसाहेब असे हसत सुटले की त्यांना झोपाळ्याची कडी धरावी लागली. हसता हसताच त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"तेवढं पाणी आलं की मला हाक मारा," ते डोळे पुसत म्हणाले.

"हाक कशाला?" वैजयंता किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली. "दोनदा बेल मारीन. मग गाडी सुटली म्हणून समजा!"