वानरांची वेल आणि कोळ्याचा धागा

डोंगराच्या पायथ्याशी करवंदीच्या झुडपांनी भरलेले एक जंगल होते. तिथे एक ससीण राहत असे. स्वभावाने भित्री, पण व्यवहाराला पक्की. तिला तीन पिल्ले होती आणि तिचा सगळा जीव त्या पिल्लांत अडकलेला असे. त्याला कारणही तसेच होते, मुलांनो. जंगलाच्या वरच्या अंगाला एक दरी होती आणि त्या दरीत बिबट्या राहत असे.

बिबट्या केव्हा खाली उतरेल याचा नेम नसे. म्हणून वानरांच्या टोळीने दरीपासून प्रत्येकाच्या दारापर्यंत जाड वेली ताणून ठेवल्या होत्या. दरीच्या तोंडाशी उंच झाडावर एक वानर पहारा करी. बिबट्या दिसला की त्याने वेलीला हिसका द्यायचा, दारातली वेल हलली की सगळ्यांनी बिळात पळायचे. या कामाबद्दल दर पौर्णिमेला प्रत्येक घराने आपल्या कंदमुळांतला वाटा वानरांच्या वडाखाली नेऊन ठेवावा, असा रिवाज पडला होता. वाटा दरवर्षी वाढत गेला, वेल मात्र होती तशीच राहिली. वारा आला की ती उगीचच हले आणि ससीण पिल्लांना घेऊन उगीचच धावे. एकदा तर बिबट्या आला, ओढ्यावर पाणी प्याला, परत गेला आणि मग वेल हलली. पिल्ले त्या वेळी बाहेर खेळत होती. ती वाचली ती निव्वळ नशिबाने.

ससीण टोळीच्या म्होरक्याकडे, हुप्प्याकडे गेली. "हुप्प्यादादा, वेल फार उशिरा हलली हो. माझी पिल्लं बाहेर होती."

हुप्प्या शेंगा सोलत होता. त्याने मानही वर केली नाही. "तुझ्याच बिळाकडे काही बिघाड असेल. पाठवतो उद्या कुणाला तरी."

तो उद्या काही लवकर उगवला नाही. शेवटी एक वानर आला. त्याने वेलीकडे पाहिले, ससिणीने पिल्लांसाठी ठेवलेले रताळे खाल्ले, "सगळं ठीक आहे" असे म्हणाला आणि निघून गेला. पण ससीण करणार काय? जंगलात दुसऱ्या कुणाची वेलच नव्हती. अडला हरी, गाढवाचे पाय धरी!

अशात एके दिवशी एक कोळी त्या जंगलात आला. अंगाने किडमिडीत, बोलायला थोडका, कामाला मात्र वाघ. तो ससिणीच्या दाराशी येऊन म्हणाला, "ससूताई, मी दरीपासून तुमच्या दारापर्यंत धागा आणतो. गवताच्या बुडातून आणीन, म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. बिबट्याचं पाऊल पडलं की त्याच क्षणी तुमच्या दारातलं जाळं थरथरेल."

"आणि वाटा किती घेणार?"

"वाटा नको. दारातला एक कोपरा द्या. तिथे जाळं विणीन. तुमच्या पिल्लांना छळणाऱ्या माश्या त्यात अडकतील, तेवढ्यावर माझं पोट भरेल."

ससिणीला वाटले, यात कुठेतरी मेख असणार. तिने पुष्कळ शोधली, पण सापडेना. बिबट्या उतरला की जाळे थरथरे. वारा सुटला तरी ते गप्प असे. वर पिल्लांच्या कानांवरच्या माश्याही गेल्या. ते पाहून लावी पक्षिणीने, मुंगसाने आणि साळिंदरानेही दारातला कोपरा कोळ्याला दिला. वडाखालचा कंदमुळांचा ढीग पौर्णिमेगणिक लहान होऊ लागला.

मग हुप्प्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. जो आजवर झाडावरून उतरत नसे, तो स्वतः दारोदार फिरू लागला. तोंडात तर साखरच! "मंडळी, आजपासून वेल फुकट! वाटा नको, काही नको. अट एवढीच, की दारातली जळमटं झाडून टाका. चांगल्या घराच्या दारात जळमट शोभतं का?"

फुकट म्हटल्यावर कुणाचे पाय थांबतात? भराभर जाळी झाडली गेली. ससीण जरा घुटमळली. पण साळिंदर जाता जाता म्हणाले, "काय गं ससूताई, तुझ्या दारात अजून जळमट?" ससिणीला शरम वाटली. शेजाऱ्यांच्या नजरेत दार स्वच्छ दिसावे म्हणून तिने आपल्याच पंजाने जाळे खाली ओढले. कोळी समोरच्या पानावर बसून पाहत होता. 

पुढे ससिणीची धाकटी बहीण बाळंत झाली. ती ओढ्यापलीकडे राही. ससीण पिल्लांना लावीकडे ठेवून तिला भेटायला गेली आणि बघते तर काय, बहिणीच्या बरगड्या दिसत होत्या.

"अगं, खात नाहीस की काय?"

"काय खाऊ, ताई? वानरांनी वाटा दुप्पट केलाय. तो दिला की घरात उरतंय काय?"

"दुप्पट? आमच्याकडे तर फुकट आहे!"

हे ऐकून वरच्या उंबरावर बसलेला एक गलेलठ्ठ वानर खो खो हसला. "तुमच्याकडे तो कोळी आहे ना, म्हणून फुकट! तुमचा वाटा आम्ही इकडून काढतो. कोळी उपाशी मरू दे, नाहीतर पळून जाऊ दे. मग बघ तुमच्याकडचा भाव!"

 कोळी गेला तर? कायमची ती उशिरा हलणारी वेल, वर दुप्पट वाटा आणि पिल्ले पुन्हा नशिबाच्या हवाली! ससीण ओढ्यातून उड्या मारीत तडक घराकडे धावली.

कोळी एका गवताच्या शेंड्यावर बसला होता. त्याने हवेत एक लांब धागा सोडला होता. वाऱ्याची झुळूक आली की त्या धाग्याला लोंबकळून कोळी दूरदेशी जातात, तशी त्याची तयारी चालली होती. तो इतका वाळला होता, की ससिणीला आधी तो दिसलाच नाही.

"कोळीभाऊ, जाऊ नका! चूक झाली माझी. माझ्या दारात पुन्हा जाळं विणा."

"तुमच्यावर राग नाही, ताई," कोळी म्हणाला. "पण माशी कशी असते तेही मी विसरलो आता. एका दारावर माझं पोट भरायचं नाही."

"वारा सुटेपर्यंत तरी थांबाल?"

"वारा सुटेपर्यंत मी दुसरं करणार तरी काय?"

ससीण दारोदार पळाली. जन्मभर जी कुणापुढे मोठ्याने बोलली नव्हती, ती त्या दिवशी ओरडून सांगत होती. साळिंदर म्हणाले, "फुकटचं सोडायला मी काय खुळं आहे?"

"सोडू नका! वेल राहू द्या. फक्त दारातला कोपरा कोळ्याला परत द्या."

"आणि हुप्प्याची अट? तो वेल काढून नेईल की!" मुंगूस म्हणाले.

"हुप्प्याने काय आपल्यावरच्या मायेने वेल फुकट केली? ओढ्यापलीकडे जा आणि माझ्या बहिणीच्या बरगड्या बघून या. इथला कोळी गेला, की तीच गत आपली!"

 लावीने पंखाखालच्या आपल्या पिल्लांकडे पाहिले. "माझ्या दारात विणा म्हणावं," ती म्हणाली. "दोन्ही कोपरे घ्या." मग मुंगसाने मान हलवली. साळिंदर पुष्कळ कुरकुरले, पण शेवटी म्हणाले, "बरं बाई, माझाही कोपरा घे. मात्र जाळं आत येता कामा नये!"

तेवढ्यात वारा सुटला. ससीण जीव खाऊन धावली. कोळ्याचा धागा ताठ झाला होता, त्याचे पाय गवतावरून सुटू लागले होते. "सगळे तयार आहेत!" ससीण किंचाळली. "सगळी दारं तुमची!" कोळ्याने तिच्याकडे पाहिले आणि कचकन धागा तोडला. वारा धागा घेऊन गेला, कोळी राहिला. ससीण तिथेच बसून रडली, मुलांनो, आणि रडता रडता हसली.

जाळी पुन्हा दिसताच हुप्प्या दात विचकीत आला. "अट मोडलीत! आता दुप्पट वाटा द्या, नाहीतर वेल काढून नेतो."

 ससीण दारात पुढे होऊन म्हणाली, "न्या मग. आता लगेच न्या."

हुप्प्याने वेलीला हात घातला. मग त्याने लावीच्या दाराकडे पाहिले, मुंगसाच्या दाराकडे पाहिले, साळिंदराच्या दाराकडे पाहिले. जिकडेतिकडे जाळी! वेल काढली तर वडाखाली पुन्हा कधीच काही पडणार नाही, हे त्याला कळून चुकले. त्याने डोके खाजवले. "नेतो म्हटलं म्हणजे काय लगेच न्यायची असते? तुम्ही आमची जुनी माणसं. परवडेल तेवढं द्या. आणि ही वेल जरा ढिली झालीय वाटतं, थांब, घट्ट करून देतो."

आणि जंगलाने प्रथमच पाहिले, की म्होरक्या स्वतः खाली बसून वेलीच्या गाठी बांधतो आहे! तो गेल्यावर ससिणीने पिल्लांना कुशीत घेतले आणि भर दुपारी दोन्ही कान पाडून ती ढाराढूर झोपली.

तात्पर्य : बलाढ्याने दिलेली स्वस्ताई त्याच्या दयेची नसते, शेजारी उभ्या असलेल्या लहानग्याच्या धाकाची असते. म्हणून फुकटाच्या मोहाने त्या लहानग्याला उपाशी मारू नये.