गोड न म्हणायचे पाणी

कुसरवाडीच्या जत्रेला पहिल्यांदा आलेला माणूस डोंगराच्या पायथ्याशीच चपापतो. चैत्रातले ऊन, चिंचेखाली गूळ-लिंबाच्या पाण्याचा रांजण आणि शेजारी गुडघाभर खोल खड्ड्यात बसून वाटी वर करणारा माणूस. पिणारा ओठ पुसतो आणि त्यालाच सुनावतो, "लिंबू पिळलंस का नुसतं दाखवलंस रे?" दुसरा म्हणतो, "मिठाची पाटी कलंडली वाटतं!" खड्ड्यातला माणूस वर बघून एवढेच म्हणतो, "चुकलं, मामा." पाहुणे थंडगार पाणी पिऊन "वा, काय गोड झालंय!" म्हणायला जातात, तोच शेजारचा कुणीतरी त्यांना गप्प करतो.

मग देवळातले धोंडीनाना त्यांना सावलीला बसवतात आणि सांगतात, ते असे.

फार वर्षांपूर्वी इथे म्हाळोजी नावाचा माळी होता. त्याची एकुलती लेक राही लहानपणी तापाने फणफणली. म्हाळोजी डोंगराई देवीला नवस बोलला, 'पोर वाचली तर जत्रेला डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाला मी लिंबाचे पाणी पाजीन. पाटलाला जे, तेच वाटसराला.' पोर वाचली. त्याने तिच्या मनगटावर तुळशीचे रोप गोंदवून घेतले आणि मळ्यात लिंबाची आठ झाडे लावली. वर्षे गेली. राही खिंडीपलीकडे एका गरिबाच्या घरी नांदायला गेली. म्हाळोजीच्या पाण्याचे नाव मात्र पंचक्रोशीत झाले. ते नाव त्याला नवसापेक्षा केव्हा प्यारे झाले, हे त्याचे त्यालाही कळले नाही, असे नाना म्हणतात.

मग दुष्काळ पडला. आठातली दोन झाडे जगली, तीही म्हाळोजीने खांद्यावरून घागरी वाहून जगवली म्हणून. दर जत्रेला डोंगराच्या दोन वाटांवर दोन रांजण भरत; या वेळी लिंबे जेमतेम एकापुरती निघाली.

"दोन्ही रांजणांत सारखी पिळा," त्याची बायको कोंडाबाई म्हणाली. "पातळ होईल, पण एकसारखं होईल."

"पातळ पाणी पाटलाला देऊ? मग तोंड कुठं लपवू?"

त्याने सगळा रस पाटील-मानकरी चढत त्या पुढच्या वाटेवरच्या रांजणात घातला. पिळलेल्या सालींवर कोमट पाणी ओतून त्या पुन्हा कसून चुरल्या. कोंडाबाई कळवळून म्हणाली, "अहो, साल दुसऱ्यांदा चुरू नये, कडू उतरतं." त्याने वरून गूळ ढकलला आणि तो रांजण मागे, खिंडीच्या वाटेवर ठेवला. त्या वाटेने लाकूडफाटा वाहणारी, खडी फोडणारी माणसे चढत. 'त्यांना ओलं काहीतरी मिळालं तरी पुष्कळ,' असे त्याने मनाशी म्हटले.

मानकऱ्यांना वाट्या देऊन तो मागच्या वाटेवर आला. तिथे तो उंच चौथऱ्यावर उभा राहिला आणि खाली पसरलेल्या ओंजळींत ओगराळ्याने पाणी सोडू लागला. तोंडे बघायची त्याची छाती नव्हती. तो फक्त हात बघत होता. भेगाळलेले, चुना लागलेले, एकामागून एक हात. ओंजळीतले पाणी तोंडाशी गेले की खालून कुणीतरी खाकरे, कुणी थुंके. तो पुढच्या हातांकडे वळे.

एका ओंजळीत पाणी सोडताना त्याचे ओगराळे हवेतच थांबले. मनगटावर तुळशीचे रोप होते.

राही सासरच्या बायांबरोबर आली होती. बापाला गाठायचे म्हणून पुढे न घुसता, ती आपल्या माणसांच्या रांगेत उभी राहिली होती. म्हाळोजीने मान खाली घालून बघितले. तिने ओंजळ रिकामी केली. पहिल्या घोटालाच तिला सगळे कळले असणार. तिने वर बघितले आणि म्हणाली, "गोड झालंय, आबा."

तिच्या आधी पाणी घेतलेल्या बाईने नुकतेच तोंड वाकडे केले होते. तिने राहीकडे बघितले, मग म्हाळोजीकडे. "व्हय, गोड हाय," ती म्हणाली. "लई गोड," राहीच्या मागचा म्हातारा आपली ओंजळ पिऊन म्हणाला. ते कडू पाणी पिऊन ती रांग, रांगेतल्या एका लेकीची लाज राखायला, गोड म्हणत पुढे सरकत राहिली.

म्हाळोजी चौथऱ्यावरून उतरला. त्याने मागचा रांजण खांद्यावर घेतला, पुढच्या वाटेवर नेला आणि मानकऱ्यांच्या देखत चांगल्या रांजणात ओतला. पाटलाने घोट घेतला नि थुंकला. "हे काय रे म्हाळोजी?"

"मी केलं, पाटील. नवस मोडला. आज सगळ्यांनी हेच प्यायचं."

नवस मोडला म्हणून देवी लेक परत नेणार, या धास्तीने म्हाळोजी तीन दिवस देवळाच्या पायरीवर अन्नावाचून बसून राहिला म्हणे. देवीने काहीच केले नाही. ना वीज पडली, ना ताप आला. राही पुढे नातवंडे बघून म्हातारपणी गेली. कुणी एका शब्दाने बोलले असते तर त्याचा जीव हलका झाला असता. कुणी बोलले नाही.

पुढच्या जत्रेला त्याने चौथरा फोडला आणि त्या जागी खड्डा खणला, वाढताना खालून प्रत्येकाचे तोंड दिसावे म्हणून. रांजण एकच ठेवला. पहिली वाटी राहीला देऊन तो म्हणाला, "गेल्या साली कसं होतं, खरं सांग."

"गोडच होतं, आबा."

तो मरेपर्यंत दर वर्षी विचारत राहिला. ती दर वर्षी तेच म्हणत राहिली.

म्हाळोजी गेल्यावर खड्ड्यात त्याचा पुतण्या बसला. राहीला पहिली वाटी देऊन तो म्हणाला, "आक्का, काकांना नाही सांगितलंस. मला तरी सांग." राहीने वाटी रिकामी करून त्याच्या हातात परत दिली आणि तेव्हा कुठे तिने म्हटले, "कडू होतं रे."

आजही त्या घराण्यातला माणूस खड्ड्यात उतरतो आणि पहिली वाटी घरच्या माहेरवाशिणीच्या हातात देतो. तिने दोष काढल्याशिवाय पुढे कुणाला थेंब मिळत नाही, आणि पुढे पिणाऱ्यानेही गोड म्हणायचे नाही. तिलाही ते जड जाते. भाऊ खालून बघत असतो, पाणी चांगले झालेले असते, ती वाटी धरून नुसती उभी राहते. मागून लोक ओरडतात, "बोल की गं बाई, घसे सुकले!" शेवटी ती हळूच म्हणते, "जरा कडवट लागतंय, दादा."

"चुकलं, आक्का," तो म्हणतो आणि रांजणात ओगराळे बुडवतो.