तिठ्यावरचं गोदाम

“पण या जागेत खोट काय, ते तरी सांगा ना बाबा!”

लतीफबाबा उदबत्तीची राख झाडत राहिले. महामार्गाच्या तिठ्यावरच्या त्या एवढ्याशा दर्ग्यात ते एकटेच राहत.

निशिकांत कंपनीसाठी गोदामांच्या जागा शोधायचा. आधीच्या दोन जागा हातच्या गेल्या होत्या. ही तिसरी गेली तर नोकरीही जाईल, असं साहेबांनी सकाळीच फोनवर ऐकवलं होतं. दर्ग्यामागची जमीन रस्त्यापलीकडच्या गावाची. आणि गाव अडून बसलेलं... बाबा हो म्हणाले तरच देऊ.

त्यानं नकाशा पसरला.

“हा महामार्ग. ही बंदराची वाट. रेल्वेचा मालधक्का सहा किलोमीटर. कुठूनही माल निघू दे, सरळ दारात! अशी जागा शोधून सापडायची नाही.”

“आणि माणसं?”

“दोनशे लागतील. सगळी याच गावची घेऊ. गाव काय, समोरच तर आहे. पन्नास पावलांवर.”

“चालून बघितलंस?”

“नकाशावर मोजलंय, बाबा.”

बाबा हसले. कोपऱ्यातला तांब्या त्यांनी पुढे केला. “गावाच्या तोंडाशी नळ आहे. तहान लागलीय. तेवढं पाणी आण.”

एवढंच ना! ओट्यावर चपलांची रांग होती. तिच्याशेजारचे आपले बूट पायांत सरकवून निशिकांत निघाला.

रस्त्याच्या कडेला थांबला. एक कंटेनर गेला. त्याला चिकटून दुसरा. मग टँकर. पलीकडे नळावर एक बाई घागर भरत होती. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यासुद्धा दिसत होत्या, इतकी जवळ.

जरा मोकळं वाटलं म्हणून त्यानं पाऊल टाकलं...

हॉर्न कानाशीच किंचाळला. वाऱ्याच्या झोतानं तो मागे कोलमडला. हातातला तांब्या सुटून गडगडत गेला, आणि चाकाखाली भाकरीसारखा चपटा झाला.

तो रिकाम्या हातानं परतला. कसाबसा ओट्यावर टेकला. बूट काढायला वाकला आणि तसाच थबकला.

रांगेतल्या एकाही चपलेला जोडी नव्हती.

एक निळी स्लीपर. एक बायकी, अंगठा तुटलेली. एक अगदी लहान...

“बाबा, या... दर्शनाला आलेल्यांच्या ना?”

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं.

खिशात फोन वाजू लागला. साहेबांचा. निशिकांतचा हात खिशापर्यंत गेला. तिथंच राहिला.

“माणसं किती म्हणालास?”

“दो... दोनशे.”

बाबांनी लहान चप्पल उचलून जरा आत सरकवली. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

“मग ओटा वाढवावा लागेल.”