मासोळ्यांचं माहेर

पोरांनो, आधी कान इकडे करा. आपल्या तलावाची पाळ बांधली, त्याच्याही नंतरची ही गोष्ट, पण ते बघणारं आता कुणी उरलं नाही. गावात जैवंती नावाची एक ढिवरीण, मासे धरणाऱ्या ढिवरांतली बाई, राहायची. तलावातला लव्हाळा कापायचा, वाळवायचा आणि त्याच्या चटया विणायच्या, हे तिचं काम. तिच्या चटईवर निजलेल्याला वाईट स्वप्न पडत नसे, असं म्हणतात. जीभ मात्र अशी, की निजलेला उठून बसावा.

उगवतीच्या कोपऱ्यात लव्हाळा दाट होता. तिथे ती विळा लावत नसे, कुणाला लावूही देत नसे. म्हणायची, "मासोळ्या तिथं अंडी घालाले येतात. ते त्याहिचं माहेर हाय." लोक हसायचे. मासोळीला कसलं आलंय माहेर?

मग पाऊस दडला, तो वर्षानुवर्षं फिरकलाच नाही. धान करपलं. तलाव आटून मधे डबकं तेवढं राहिलं, त्यात थोड्याशा मासोळ्या. लोक लव्हाळ्याचे कंद खणून, भाजून खाऊ लागले. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोट कुणाला चुकलंय? होता होता सगळा लव्हाळा संपला आणि तो कोपरा उरला. जैवंती तिथे चटई टाकून, मांडीवर विळा घेऊन बसली.

त्यातच तिची लेक साळू पहिल्या बाळंतपणाला आली. पोट एवढं मोठं आणि हातापायांच्या काड्या. आता तरी म्हातारी वितळेल, असं गावाला वाटलं. पाटील म्हणाला, "जैवंते, लेकीसाठी तरी खण."

"लेकीले माह्या वाट्याचं देतो मी," जैवंती म्हणाली. "हे उपटलं तं उद्या पाणी येईन, पण मासोळी येणार नाही. मंग तिच्या लेकरानं काय खावं?"

गावानं तिला नाही नाही ते बोलून घेतलं. त्या दिवसापासून तिनं तोंडात घास घातला नाही. मिळेल ती पेज साळूला. साळू विचारायची, "माय, तू जेवली का?" आणि जैवंती धडधडीत खोटं बोलायची, "पोटभर जेवलो वं."

साळूला मुलगी झाली, त्याच दिवशी डोंगरावरून पाण्याचे लोंढे उतरले. लोक कोपऱ्याकडे धावले. चटई रिकामीच तरंगत होती. सकाळी वीतभर असलेला लव्हाळा दुपारी पुरुषभर झाला होता आणि मुळांशी मासोळ्यांची अशी दाटी, की पाणी काळं दिसत होतं. जैवंती सापडली नाही. ती लव्हाळ्यातच मिसळली, असं म्हणतात.

साळू सासरी निघाली तेव्हा ओटी भरायला आई नव्हती. ती बाळ घेऊन त्या कोपऱ्याशी गेली आणि पदर पसरून उभी राहिली. ज्या बायांनी जैवंतीला शिव्या घातल्या होत्या, त्यांनीच रडत रडत तिची ओटी भरली.

आता पाळेवरून डांबरी रस्ता गेलाय, चटया प्लास्टिकच्या आल्यात. पण त्या कोपऱ्याला अजून विळा लागत नाही. आणि गावातल्या ज्या लेकीला आई नाही, तिची ओटी तिथेच भरतात. लेक कुठल्याही जातीची असो, तांदूळ ढिवराच्या घरचे. माझी सून गेली, त्यानंतर नातीची ओटीही तिथेच भरली. निघताना ती लव्हाळ्याकडे बघून, सगळ्या लेकी म्हणतात तसंच म्हणाली, "येतो वं माय."