खोटा ठरलेला संदेष्टा

यहुद्यांच्या प्राचीन देशात, डोंगरउतारावरच्या एका गावात, एकदा एक वृद्ध संदेष्टा येऊन राहिला. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. आपण त्याला भविष्य वर्तवणारा समजतो आणि फसतो. ते गावही असेच फसले.

त्या गावात शेतांच्या हद्दीचे दगड फार चपळ झाले होते. एखाद्या घरातला कर्ता पुरुष गेला, की त्याच्या विधवेच्या बांधावरचा दगड हळूहळू आत सरके आणि शेजाऱ्याचे शेत तेवढेच वाढे. वृद्धाने वेशीत उभे राहून निवाडा सुनावला, की द्राक्षांचा हंगाम संपण्याआधी उत्तरेकडून सैन्य येईल आणि या घरांतून कोल्हे हिंडतील. हे सांगताना त्याने आपला अंगरखा छातीपाशी फाडला. त्या देशात घरातले माणूस गेले तरच असे वस्त्र फाडतात, पण ते कोणी ध्यानात घेतले नाही. लोक चिडले. त्या दिवसापासून कोणी त्याला लग्नाकार्याला बोलावले नाही. तो विहिरीवर आला, की बायका अर्धेच भरलेले घडे घेऊन निघून जात. त्याच्याशी बोलायला एक तरुण शिष्य तेवढा उरला होता, आणि त्याचेही लक्ष भलतीकडेच असे.

शिष्य रोज टेकडीवर जाऊन उत्तरेला धूळ उडते का, ते पाहत बसे. त्याची तळमळ खोटी नव्हती. ज्या संदेष्ट्याचे बोलणे खरे होत नाही तो खोटा, असा त्या लोकांचा कडक नियम होता आणि गुरूची अब्रू त्या सैन्यावर अवलंबून होती. आपली माणसे अशा वेळी देव पाण्यात घालून बसतात. या बिचाऱ्याकडे पाण्यात घालायला मूर्ती नव्हती, म्हणून तो नुसताच बसून राहिला.

धूळ काही उडाली नाही. गावात मात्र वेगळेच काही घडू लागले. जैतुनाच्या एका बागवाल्याची झोप उडाली होती. एका सकाळी त्याने शेजारच्या विधवेला बोलावून तिच्यादेखत दगड मूळ जागी नेऊन ठेवला. ते पाहून दुसऱ्याने ठेवला. बाकीच्यांनी कोणी भीतीने, कोणी लाजेकाजेस्तव ठेवले. द्राक्षे उतरली, तुडवून झाली, रस घागरींत भरला गेला. सैन्य आलेच नाही.

भीती ओसरली तशा जिभा सैल झाल्या. म्हातारा खोटारडा निघाला, असे जो तो म्हणू लागला. गावच्या रिवाजाप्रमाणे वडीलधारे वेशीत न्यायाला बसले आणि वृद्धाला पुढे बोलावण्यात आले. लोकांनी दगड परत ठेवले म्हणून देवाने हात आवरला, एवढे तरी सांगा, अशी शिष्याने गुरूच्या कानाशी विनवणी केली. सांगितले असते तर तो सुटला असता.

वडीलधाऱ्यांतल्या प्रमुखाने विचारले, "बाबा, तुम्ही सांगितलेला नाश आला का?"

"नाही आला," वृद्ध म्हणाला. "माझा शब्द खोटा ठरला."

आणि हे म्हणताना त्याचा चेहरा उजळला. त्याला गावातून हद्दपार केले गेले. जैतुनाचा बागवाला गर्दीत मान खाली घालून उभा होता.

वेशीबाहेर आल्यावर शिष्याला रडू आवरेना. निर्दोष असून हा कलंक का पत्करलात आणि वर हसलात कसे, असे त्याने विचारले.

वृद्ध म्हणाला, "बाळा, मी दगडांचं नाव काढलं असतं, तर कुणी किती सरकवला होता ते चव्हाट्यावर आलं असतं. ज्यांनी लाजत लाजत परत ठेवले, त्यांना उघडं पाडून माझं नाव राखू? अरे, ज्याला मारायचंच असतं तो आधी हाक मारत नाही. देवाला हे गाव मोडायचंच असतं, तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वेशीत उभं करायची त्याला काय गरज होती? निवाडा सुनावतात तो खरा होऊ नये म्हणून. तू टेकडीवर धूळ शोधायचास, आणि मी घरात ती दिसू नये म्हणून रडायचो."

शिष्य खजील झाला. एका माणसाची अब्रू राहावी म्हणून आपण साऱ्या गावाचे, त्या विधवांचेही, मरण मागत होतो, हे त्याला आता कळले. मीही तुमच्याबरोबर येतो, असे तो म्हणाला. वृद्धाने नकारार्थी मान हलवली.

"तू इथंच राहा. दगड पुन्हा सरकतील. तेव्हा खोटं ठरायला तयार असलेला कुणीतरी गावात हवा."

एवढे बोलून तो एकटाच उतार उतरू लागला. त्याने मागे वळून पाहिले नाही. तो दिसेनासा होईपर्यंत शिष्य उभा राहिला आणि मग परत फिरला. वेशीत बसलेल्या लोकांनी त्याला येताना पाहून तोंडे फिरवली. आजवर त्याला या लोकांचा राग येत असे. आज पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.