दूधधुऱ्याची मूठ

तुम्ही विचारलंत, बाकीचे धुरे जेमतेम पाऊलभर, मग हाच एवढा ऐसपैस कसा? आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. ह्याला सारा गाव दूधधुरा म्हणतो, तो पार्बताबाईमुळे.

फार पूर्वी ही सगळी धानाची जमीन एका मालगुजाराची होती. रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, चिखलात उतरलेल्या बायकांनी दिवेलागणीपर्यंत वर यायचं नाही, असा त्याचा हुकूम. तान्ही पोरं धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला झोळ्यांत टांगलेली. ती रडून थकायची, इकडे आयांचे पदर दुधाने भिजायचे. पण वर चढेल तिला दुसऱ्या दिवशी काम नाही.

पार्बता त्यांच्यातलीच. विधवा, मूलबाळ नव्हतं. एका दुपारी एका झोळीतलं रडणं एकाएकी थांबलं. तिने हातातली रोपं टाकली आणि धुऱ्यावर चढली. लेकरू उन्हाने निपचित पडलं होतं. तिने ओल्या पदराने त्याचं अंग पुसलं, त्याच्या आईला हाक मारली. मागोमाग साऱ्याच बायका वर आल्या.

मालगुजार म्हणाला, "तुला ना पोर ना बाळ. तुला कशाचा एवढा पुळका?"

"मले नाही, म्हणूनच साऱ्याईचं रडनं मले आयकू येते," असं ती म्हणाली म्हणे.

पोरांना पाजायला दुपारची सुटी मिळाल्याशिवाय बायका पुन्हा चिखलात उतरेनात, तेव्हा त्याने नदीपलीकडून दुसऱ्या बायका आणल्या. पार्बता त्यांच्याशी भांडली नाही. त्यांची पोरं सावलीत घेत म्हणाली, "बाई, आधी पाजून घ्या. मंग उतरा." त्या पाजायला बसल्या त्या उठल्याच नाहीत, असं सांगतात. रोपं वाळू लागली तेव्हा मालगुजार नमला. दुपारची सुटी दिली, पण पार्बताला ह्या शिवारात पुन्हा काम नाही, ह्या अटीवर. बायका कबूल होईनात. तीच म्हणाली, "होऊ द्या."

मग बायकांनी चिखल टाकून टाकून हा धुरा रुंद केला. पार्बता इथे बसून त्यांची पोरं सांभाळायची. संध्याकाळी प्रत्येक बाई मजुरीच्या धानातली एक मूठ तिच्या पदरात घालायची. त्यावर ती जगली, रोवणी सरली की गावोगाव फिरली, आणि कितीतरी शिवारांत बायकांना दुपारची सुटी मिळवून दिली.

झोळीतली ती निपचित पोर म्हणजे माझ्या आईची आई.

आजही रोवणीच्या दिवसांत पोरं सांभाळणाऱ्या बाईला घराघरातून मूठभर धान जातं, शेतमालकाच्या घरूनही. मूठ आधी कपाळाला लावतात, मग तिच्या ओटीत घालतात.