तीन जावई, तीन कोंबडे

उंबरगडच्या राजाला धोंड्याच्या महिन्यात तिन्ही जावयांनी एकेक कोंबडा आणून दिला, आणि तिथंच घोटाळा झाला. खरं तर धोंड्यात जावयाला द्यायचं असतं. पण थोरल्यानं सासऱ्याला कोंबडा आणल्याचं कळल्यावर मधला मागं राहतोय होय? धाकट्यानं तर सगळ्यांत मोठ्या तुऱ्याचा हुडकून आणला. धोंड्यात कापायचीही सोय नाही. वेगळे ठेवावे तर कुणाचा कोंबडा मानाच्या जागी, यावर जावई रुसणार.

राजानं गोजराला बोलावलं. गडाची कोंबडी-पाखरं ती सांभाळायची. तिचं खोपटं खुराड्याच्या भिंतीलाच टेकलेलं, सासूच्या वेळेपासून.

"गोजरे, तिन्ही एका खुराड्यात राहतील. बांधायचे नाहीत, पाटीखाली डालायचे नाहीत. महिना सरेपर्यंत एकाचा जरी तुरा फाटला, तर खोपटं मोकळं कर."

"आणि भांडले तर, सरकार?"

"भांडू नका, असं सांग त्यांना."

हुकूम सोडायला राजाचं काय जातंय? म्हाताऱ्या नवऱ्याला घेऊन जायचं कुठं, ही काळजी गोजराची.

तिनं कोंबडे आत सोडले मात्र, तिघं एकमेकांच्या उरावर. गोजरानं घोंगडं टाकलं, तर घोंगड्याखालीही तेच. एवढ्यात दार उघडं राहिलं म्हणून म्हातारी काळी कोंबडी उकिरड्याकडं निघाली, आणि बाकीच्या तिच्या मागं. घोंगडं गप्प झालं. उचलून बघते तर तिघं इकडंतिकडं मान वळवतायत. एकानं दाणा टिपला, मग दुसऱ्यानं. गोजरानं कपाळावर हात मारला आणि सगळ्या कोंबड्या हाकत आपल्या परसात नेल्या.

महिना सरत आला तसा राजा खुराड्याकडं आला, तोंड कडू करून. तिघं कोंबडे एकाच राखेत लोळत होते.

"मंतर घातलास काय गं?"

"मंतर कसला? कोंबड्या हलवल्या. तुरा बघायला कुणी नसलं की कोंबडा गुमान दाणे टिपतो."

राजा खाली बसला. म्हणाला, माझे ते तिघं जावई पागोट्याला तुरे खोवून सकाळपासून भांडतायत. पहिला अनारसा कुणाचा, म्हणून! त्यांचं काय करू?

गोजरानं वाड्याकडं बघितलं. आत राणीसाहेब एकाच्या पानात तूप वाढत होत्या आणि दुसऱ्याच्या नाकाकडं बघत होत्या, फुगलं की काय म्हणून.

"राणीसाहेबांना चार दिवस माहेरी धाडा."

राजा खो खो हसला. पण धाडलं. दुसऱ्या दिवशी तिघं जावई एका सतरंजीवर सोंगट्या खेळत बसले होते, आणि तुरे खुंटीला.

राजानं गोजराला बोलावलं. माग म्हणाला, काय पाहिजे ते.

"नवीन काय मागू, सरकार? कोंबड्या परत आणल्या तर कोंबडे पुन्हा झुंजतील. राहू देत माझ्याच परसात."

"म्हणजे दाणे माझे आणि अंडी तुझी? मग मी काय खाऊ?"

"तीन कोंबडे हायत की तुमच्याकडं. अंडी घाला, असं सांगा त्यांना."

राजाचं पागोटं हसता हसता खाली पडलं. ते उचलायच्या आधी त्यानं कोंबड्या दिल्या, आणि खोपटंही कायमचं गोजराच्या नावावर केलं.